पंतांचे वजन

आमच्या वाईत 'वजन' हा शब्द जपून वापरावा लागतो. हळदीच्या पेठेत त्याचा एक अर्थ होतो आणि कृष्णेच्या घाटावर दुसरा. पेठेत वजन असते पोत्याला. घाटावर ते असते माणसाला. "त्यांचं गावात वजन आहे," असे ज्यांच्याबद्दल बोलले जाते, त्यांना कोणी तागडीत घालून पाहिलेले नसते. ते ऐकीव वजन. आमच्या घरी मात्र एक असे गृहस्थ होते, की त्यांचे वजन दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला, सकाळी, उपाशीपोटी, घरच्या तागडीत पाहिले जाई आणि लाल कापडी बांधणीच्या वहीत शाईने लिहिले जाई. त्यांचे नाव पंत. पंत हे कासव होते.

कासव ही वाईकरांना काही अपूर्वाईची वस्तू नाही. आमच्याकडे देवळाच्या सभामंडपात पाऊल टाकावे, तर पहिल्यांदा पायाखाली येते ते फरशीतले दगडी कासव. घंटा वाजवायची, कासव चुकवायचे आणि मग देवाकडे पाहायचे, ही लहानपणची रीत. आणि वाईहून धोमला गेलात, तर तेथे कासवाचा थाटच निराळा. देवळासमोर कमळाच्या आकाराचे दगडी कुंड आहे, त्यात एक भले मोठे दगडी कासव, आणि त्या कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरले, की कासव नंदीला घेऊन पोहत निघाले आहे असे वाटते. लहानपणी मला तो नंदी पाहून नेहमी एकच प्रश्न पडे : याचे वजन त्या कासवाला होत नसेल का? पुढे कळले, की प्रश्न उलटा विचारायला हवा होता. कासवाचे स्वतःचे वजन किती, आणि ते कोणी पाहते का?

पंत आमच्याकडे आले १९५५ च्या दिवाळीत. आतोबा तेव्हा काठेवाडात रेल्वेच्या नोकरीत होते. भाऊबिजेला आत्याबरोबर येताना त्यांनी मिठाईच्या करंडीशेजारी दुसरी एक करंडी आणली. तिच्यात गवत होते आणि गवतात पंत होते. काळसर उंचवट्यांचे कवच आणि प्रत्येक उंचवट्याच्या टोकापासून फुटलेल्या पिवळ्या रेघा. जणू कोणी पाठीवर दहा-बारा चांदण्या काढून ठेवल्या आहेत. चांदणी कासव म्हणतात ते हेच. ते गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळांवर आणि दक्षिणेत आंध्र-तमिळनाडूच्या झुडपी रानात राहते. पाण्यातले नव्हे, जमिनीवरचे. आजीला ते पटायला दोन दिवस लागले. तिच्या माहेरी विहिरीत कासव सोडलेले होते, त्यामुळे ती सारखी म्हणे, "अहो, त्याला आडात तरी सोडा, गुदमरेल बिचारं!" आडात सोडले असते तर खरेच गुदमरले असते.

त्याचे 'पंत' हे बारसे आत्याने केले. मान बाहेर काढायची, उजवीकडे पाहायचे, डावीकडे पाहायचे, काही पसंत पडले नाही की मान आत घ्यायची, आणि चालायचे ते असे, की मागून कोणी पालखी घेऊन येत आहे. दुसरे नाव शोभलेच नसते.

आजोबांचे ओटीवर किराण्याचे दुकान होते. हळद, गूळ, डाळी, तेल. त्यांचा साऱ्या जगावर विश्वास बेताचा. तागडीवर मात्र पुरा. नवी वस्तू घरात आली, की ती आधी तोलायची, ही त्यांची सवय. जावयाने आणलेली मिठाईसुद्धा त्यांनी तोलली होती, असे आई सांगे. तेव्हा पंत तागडीत गेले यात नवल नव्हते. नवल हे, की ते पुढे एकोणीस वर्षे जात राहिले.

पहिल्याच दिवशी अडचण आली. गूळ तागडीत बसून राहतो, कासव राहत नाही. पंतांनी पारड्याच्या काठावर पाय टेकला, की काटा नाचू लागे. त्यांना धरावे, तर हाताचे वजन त्यात येई. आजोबांनी थोडा वेळ पाहिले आणि पारड्यात एक पितळी वाटी पालथी ठेवली. वाटीवर पंतांना ठेवले. पोट वाटीवर, चारही पाय अधांतरी. पाय टेकायला जागा नाही म्हटल्यावर पंत थोडा वेळ हवेत चालले, मग थकून स्वस्थ झाले. काटा थांबला. वाटीचे वजन वजा करून आजोबांनी सांगितले, "अकरा तोळे. नवटाकीवर एक तोळा."

आजच्या मुलांना हे पाढे सांगायला हवेत. शेर ऐंशी तोळ्यांचा. त्याचा अर्धा तो अच्छेर, चाळीस तोळ्यांचा. चौथाई तो पावशेर, वीस तोळ्यांचा. त्याचा अर्धा नवटाक, दहा तोळ्यांचा; आणि त्याचा अर्धा छटाक. एक तोळा म्हणजे आजचे साडेअकरा ग्रॅम आणि वर थोडे. तर पंत आले तेव्हा आजच्या हिशेबाने सव्वाशे ग्रॅमहून थोडे अधिक होते. दोन मुठींत मावत.

त्या दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला दुकानाच्या वह्यांबरोबर एक जादा वही आलेली होती. तीच पंतांना मिळाली. कार्तिकी एकादशीला पहिली नोंद झाली : 'श्री. पंत (कासव) यांचे वजन. ११ तोळे. लांबी ३ इंच.' पुढे दर दिवाळीला दुकानाच्या खतावणीशेजारी ही वहीही चौरंगावर मांडली जाई, आणि तिलाही हळदकुंकू वाहिले जाई.

एकादशीच का, असे मी एकदा विचारले. आजोबा म्हणाले, "महिन्यातून एकदा पाहायचं तर दिवस ठरलेला हवा, वेळ ठरलेली हवी, आणि पोट रिकामं हवं. एकादशीला माझंही रिकामं असतं, त्याचंही ठेवू. शिवाय कूर्मावतार विष्णूचा." पाहा, धर्म आणि शास्त्र दोन्ही एका वाक्यात सुटले. तोलण्यापूर्वी पंतांना पाण्याच्या परातीत ठेवायचे नाही, हाही नियम होता. कासव पाणी प्यायले, की ते अंगात बराच काळ साठवून ठेवते, आणि मनात आले की एकदम सोडते. आज प्यायलेल्या कासवाचे वजन आणि उद्या सोडलेल्या कासवाचे वजन यांत चांगलाच फरक पडतो, आणि पाहणारा उगाच आनंदतो किंवा घाबरतो. आजोबांनी हे कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. पंतांनीच त्यांना ते दोन-तीनदा ओल्या पारड्याने शिकवले होते.

लांबी मोजण्याचीही त्यांची रीत ठरलेली. पाठीच्या फुगवट्यावरून सुतळी फिरवायची नाही. पंतांच्या पुढे एक लाकडी ठोकळा, मागे एक ठोकळा, आणि दोहोंमधले अंतर फूटपट्टीने सरळ मोजायचे. "पोटाचा घेर म्हणजे माणसाची उंची नव्हे," असे ते म्हणत आणि समोरच्या पेढीवरच्या शेटजींकडे न पाहण्याची खबरदारी घेत.

वहीची पाने आज चाळली, की पंतांपेक्षा आमच्या गावचे हवामानच अधिक वाचायला मिळते. चैत्र-वैशाखात आकडा जागच्या जागी. मृगाचा पाऊस पडला, की पंत जागे होत, अंगणात उगवलेली हरळी उपटून खात, जास्वंदीची गळलेली फुले शोधत फिरत, आणि श्रावण-भाद्रपदात महिन्याला तोळा-दीड तोळा कमावत. मार्गशीर्षात महाबळेश्वराकडून थंडी उतरली, की ते माजघरातल्या पोत्यामागे जाऊन बसत. अगदी झोपत नसत, पण जगाशी संबंध बेताचा ठेवत. पौष-माघात आकडा पुन्हा तसाच. अधिकमास आला, की एक नोंद जास्त.

१९५७ च्या पावसाळ्यात एकदा मात्र पंत एका महिन्यात तीन तोळ्यांनी वाढले. घरातल्या सर्वांना आनंद झाला. आजोबांना झाला नाही. त्यांनी चौकशी सुरू केली. चौकशीअंती असे निघाले, की आजी रोज दुपारी पंतांना मूठभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालीत होती. "वाढतंय ना? मग तुमचं काय बिघडलं?" आजी म्हणाली. आजोबा म्हणाले, "ज्या खात्यात एकदम व्याज वाढतं, तिथं मुद्दल बुडतं." डाळ बंद झाली. आज या विषयातले जाणकार हेच सांगतात : गवतपाल्यावर जगणाऱ्या कासवाला डाळीसारखे पौष्टिक अन्न भरवून भराभर वाढवले, की हाडे आणि कवच यांचा मेळ बिघडतो, कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवर वेडेवाकडे डोंगर येतात. कासवाची वाढ सावकाश असावी आणि न थांबता असावी. पंतांनी पावशेर ओलांडला तो १९५७ मध्ये, अच्छेर ओलांडला तो १९६० मध्ये. घाई कोणालाच नव्हती.

येथपर्यंतची गोष्ट म्हणजे एका किराणा दुकानदाराचा छंद. परंतु या वहीला उजवे पान होते तसे डावेही होते.

माझी धाकटी बहीण १९५६ साली जन्मली. जन्मतःच किरकोळ. खाई थोडे, खोके फार. आजोबांना तिचे वजन पाहायचे असे, आणि आजीचा त्याला सक्त विरोध. लेकराला तागडीत घालू नये, दृष्ट लागते, हा तिचा नियम. त्या नियमापुढे आजोबांचेही वजन चालत नसे. मग त्यांनी एक युक्ती काढली. तुळईला ज्वारी तोलायचा मोठा काटा टांगलेला असे. एका एकादशीला त्यांनी धाकटीला त्याच्या पारड्यात बसवले आणि तिच्या मांडीवर पंतांना ठेवले. आजी धावत आली. आजोबा शांतपणे म्हणाले, "पोरीला कुठं तोलतोय? कासवाला तोलतोय. ते एकटं बसत नाही म्हणून तिच्या मांडीवर दिलंय."

आजीला हे समजले नाही असे कोण म्हणेल? पण कासवाला दृष्ट लागत नाही, कारण त्याला ती लपवायला कवच असते. आजी आत निघून गेली. तेव्हापासून उजव्या पानावर पंत आणि डाव्या पानावर, नाव न लिहिता, नुसता एक आकडा : 'एकूण, वजा पंत.' ती वजाबाकी म्हणजे माझी बहीण.

आता १९६२ साल. देशात नवी मापे यायला सुरुवात झाली होती ती आधीच. १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला, १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, १९५८ पासून काही भागांत किलोग्रॅम आला, आणि १९६२ च्या एप्रिलपासून व्यापारातले शेर-तोळे संपले. आमच्या दुकानातून जुनी वजने गेली, नवी लोखंडी षट्कोनी वजने आली, आणि पेठेत गोंधळ माजला. पावशेर मागायचा आणि अडीचशे ग्रॅम घ्यायचे. भाव वाढला की माप वाढले, हे कोणाला कळेना.

पौषातली नोंद जुन्या मापातली होती : 'एकूण १७॥। शेर, वजा पंत ०॥।, बाकी १७.' म्हणजे पंत साठ तोळ्यांचे, पाऊण शेर, आणि बहीण सतरा शेर. पुढचे दोन महिने ती आजोळी होती. चैत्रात परत आली. चैत्र शुद्ध एकादशीला नव्या वजनांनी एकूण भरले साडेपंधरा किलो. वजा पंत सातशे ग्रॅम. बाकी चौदा किलो आठशे.

वडील म्हणाले, "अण्णा, किलो शेरापेक्षा मोठा असतो. आकडा कमी दिसणारच."

सर्वांना ते पटले. सतराचे चौदा होणे हा नव्या मापाचा चमत्कार होता, पेठेत रोज घडणारा. साखरेचेही तसेच झाले होते. आजोबा मात्र दुकानाची फळी ओढून बसले. भिंतीवर परिवर्तनाचा छापील तक्ता लावलेला होता. सतरा शेर म्हणजे पंधरा किलो आणि साडेआठशे ग्रॅमहून थोडे अधिक. भरले होते चौदा किलो आठशे. किलोभर कमी.

एक शक्यता उरत होती : नवी वजनेच खोटी असतील. जुनी समोर नव्हती, ताडून पाहायचे कशाशी? आजोबांनी पंतांना पुन्हा लहान तागडीत, पालथ्या वाटीवर ठेवले. पौषात साठ तोळे, माघात साठ, फाल्गुनात साठ. थंडीचे महिने, पंत वाढलेही नव्हते, घटलेही नव्हते. साठ तोळे म्हणजे तक्त्याप्रमाणे जवळजवळ नेमके सातशे ग्रॅम. दुसऱ्या पारड्यात नवे पाचशेचे आणि दोनशेचे वजन टाकले. काटा मधोमध उभा राहिला. मग त्या पाचशेच्या जोडीवरून किलोचे, किलोवरून दोनाचे, असे करीत त्यांनी सगळी मोठी वजने ताडली. सगळी खरी होती.

पंत तेवढेच होते. वजने खरी होती. मुलगी घटली होती.

त्या रात्री आजोबा जेवले नाहीत, इतके मला आठवते. एकादशीचा उपास म्हणून कोणाला वेगळे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीला घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. बरोबर मी होतो आणि काखेत वही होती. डॉक्टरांनी छाती तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, "वजन कधीपासून कमी होतंय?" या प्रश्नाला बहुतेक घरांत 'हल्ली जरा वाळली आहे' यापलीकडे उत्तर नसते. आजोबांनी वही उघडून पुढे केली. डॉक्टरांनी आधी वरचा मथळा वाचला आणि चष्म्यातून आजोबांकडे पाहिले. आजोबा म्हणाले, "डावं पान पाहावं." डॉक्टरांनी डावे पान पाहिले. तीन वर्षांची वजाबाकी होती. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

क्ष-किरणांचा फोटो निघाला. क्षयाची सुरुवात होती.

तो शब्द त्या काळी घरात मोठ्याने उच्चारत नसत. वाईच्या डोक्यावर पाचगणी. पसरणीचा घाट चढून क्षयाचे रोगी तेथल्या हवेला जातात, हे आम्ही जन्मापासून पाहिलेले. बेल-एअर आरोग्यधाम तेथे १९१२ पासून होते. आजीने देवापुढे बसून एकच धरले होते : पोरीला घाट चढवू नका. पण काळ बदलला होता. स्ट्रेप्टोमायसिन आले होते, १९५२ पासून आयसोनियाझिडच्या गोळ्या आल्या होत्या. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयोपचार केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले होते, की नेमाने औषध घेतले तर रोगी घरी राहूनही आरोग्यधामातल्यासारखाच बरा होतो. डॉक्टरांनी ते आजोबांना समजावून सांगितले आणि म्हणाले, "औषध मी देतो. नेम तुम्ही सांभाळा. तो तुम्हाला जमेल, असं वहीवरून दिसतं."

दीड वर्ष सुया आणि गोळ्या चालल्या. दर एकादशीला काटा टांगला जाई. आता आजी आत जात नसे. खांबाला धरून उभी राही आणि विचारी, "कासव किती भरलं?" आजोबा पंतांचा आकडा सांगत नसत, वजाबाकीचा सांगत. आषाढात पंधरा किलो. भाद्रपदात साडेपंधरा. आणि आश्विनात, दिवाळीला अडीच आठवडे उरले असताना, सोळा किलो. सतरा शेरांच्या वर! त्या लक्ष्मीपूजनाला आजीने पंतांच्या वहीला हळदकुंकवाबरोबर एक करंजी ठेवली. पंतांना हरळीची पेंढी मिळाली. चीनच्या सरहद्दीवर त्या दिवसांत लढाई पेटली होती आणि पेठेत फटाके कमी वाजले. पण आमच्या ओटीवर पणत्यांची रांग नेहमीपेक्षा लांब होती.

पंतांचा स्वतःचा एक पराक्रम सांगायचा राहिला. १९६७ च्या पावसाळ्याअखेर ते एक किलो नऊशे भरले आणि पुढच्याच एकादशीला एक किलो सातशे चाळीस! एकशेसाठ ग्रॅम एका महिन्यात घटले. एकदा घटलेल्या आकड्याने पोळलेले आजोबा हवालदिल झाले. खाणे पाहिले, डोळे पाहिले, नाक पाहिले. दोन दिवसांनी आई तुळशीवृंदावनाशेजारची माती सारखी करीत होती, तेव्हा खाली पांढरी अंडी लागली. पाच. आजोबांनी ती आधी तोलली. एकशेसाठ ग्रॅमला दोन-तीनच कमी.

"हिशेब जुळला," ते म्हणाले आणि बारा वर्षांत प्रथमच मोठ्याने हसले. आजी म्हणाली, "इतकी वर्षं बाईमाणसाला पंत पंत म्हणत होतो की आपण!" नर कधी भेटलाच नव्हता, त्यामुळे त्या अंड्यांतून काही निघायचे नव्हते. नाव मात्र पंतच राहिले. त्याच डिसेंबरात, ११ तारखेच्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. मागची भिंत ढासळली, आम्ही रात्री अंगणात निजू लागलो. त्या आठवड्यातल्या एकादशीचीही नोंद वहीत आहे. अक्षर नेहमीसारखे सरळ.

पुष्कळ वर्षांनी मला कळले, की आजोबांचे एक भाऊबंद इंग्लंडात होऊन गेले आहेत. सेलबर्न नावाच्या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट म्हणून एक पाद्री होते. १७८० साली त्यांच्याकडे आत्याच्या घरून एक कासव आले. टिमथी त्याचे नाव. तेही त्याला तोलीत आणि आपल्या रोजनिशीत लिहीत. सहा-सात पौंडांचा तो ऐवज होता. १७८९ साली निघालेल्या त्यांच्या निसर्गवर्णनाच्या पुस्तकामुळे टिमथी जगप्रसिद्ध झाला. मेल्यावर कवच तपासले, तेव्हा समजले की टिमथी मादी होती. ते कवच लंडनच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. आत्या, तागडी, पुरुषी नाव आणि मादी! आजोबांना हे सांगायला मी फार उशिरा वाचले.

शास्त्रही मागाहून तेथेच आले. १९८० साली जॅक्सन नावाच्या इंग्लिश पशुवैद्याने कासवांच्या लांबीशी वजनाचे प्रमाण मांडून निरोगी आणि आजारी कसे ओळखावे, याचा आलेख काढला. तो भूमध्य समुद्राकडच्या दोन जातींपुरता. आमच्या चांदणीवाल्यांना तो लावता येत नाही. पण त्यातले मर्म एकच : कासव कण्हत नाही, ओरडत नाही, ताप आला तर कपाळ पुढे करीत नाही. आतून पोकळ होत गेले, तरी बाहेरून कवच तसेच भरदार दिसते. त्याच्याजवळ तक्रार करायला वजनाखेरीज दुसरी भाषा नाही.

आता वाचकांनी, विशेषतः बालवाचकांनी, हे वाचून कासव आणायला निघू नये. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि चांदणी कासव पाळणे, विकणे, विकत घेणे हा आज गुन्हा आहे. तो असायलाच हवा. हा देखणा प्राणी हजारोंनी पकडून पेट्यांत कोंबून परदेशी पाठवला जातो. म्हणून २०१९ साली जिनिव्हाच्या परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी घातली गेली. आपल्याकडेही वजनाचा आणखी एक काळा बाजार आहे. मांडूळ अमुक किलोचे, कासव अमुक नखांचे मिळाले, तर धनाचा पाऊस पडतो, असे सांगणारे भोंदू आणि ऐकणारे लोभी, दोघेही वर्तमानपत्रांत अधूनमधून भेटतात. तेही प्राण्याला तोलतात. तागडी तीच, पारड्यापलीकडचा माणूस निराळा.

आजोबा १९७१ मध्ये गेले. शेवटच्या महिन्यांत फार हलके झाले होते. धाकटी तेव्हा पंधरा वर्षांची. पंतांच्या नोंदी तिच्या हाती आल्या होत्या. एका एकादशीला ती त्यांना सहज म्हणाली, "आजोबा, तुम्हालाही पाहू या का?" ते म्हणाले, "माझं कळलंय मला. तू त्याचं नीट लिही." १९७४ मध्ये वडिलांनी पंतांना पुण्याच्या पेशवे पार्कात नेऊन पोचते केले. तेथे त्यांच्या जातीची मंडळी होती. वहीतली शेवटची नोंद धाकटीच्या अक्षरात आहे : '१ किलो ९८० ग्रॅम. लांबी ८ इंच. प्रकृती उत्तम. पुढील नोंद नव्या घरी.'

पुढे १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. दर महिन्याला मुलांचे वजन पाहायचे आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका द्यायचा, हे त्यातले मुख्य काम. धाकटी त्या खात्यात मुख्यसेविका म्हणून लागली आणि डोंगरकपारीच्या गावांतून तीस वर्षे फिरली. खुर्चीत बसून सह्या करण्यापेक्षा तुळईला काटा टांगून झोळी बांधण्यात तिचा हात अधिक चाले. खालच्या रेघेकडे उतरणारा ठिपका तिला दुरून दिसे, असे तिच्या हाताखालच्या सेविका सांगत.

एकदा मी तिच्याबरोबर जांभळी खोऱ्यातल्या एका वाडीवर गेलो होतो. एक तरुण आई मुलाला झोळीत घालू देईना. सासू मागून सांगत होती, "नगं बाई, दिष्ट हुतीया." सेविका समजावून थकली. धाकटी उठली, पिशवीतून एक नारळ काढला आणि त्या बाळाच्या मांडीवर ठेवला.

"बाळाला कोण तोलतंय?" ती म्हणाली, "माझा नारळ तोलून द्या. घरंगळतो नुसता, म्हणून त्याच्या मांडीवर दिलाय."

सासू हसली. आईने बाळ नारळासकट झोळीत ठेवले. काटा हलला आणि थांबला. धाकटीने आकडा वाचला आणि मान वर न करता वजाबाकी करायला घेतली.